आपला भोंगा आपणच वाजवायचा!

वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांचे भोंगे बंद पडले, काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. पगार वाढले, पदं वाढली. फक्त 'चला, आता घरी जा' असं सांगणारं कुणी उरलं नाही. मग करिअर आणि घर यांच्यामधली रेघ ओढायची कुणी?

सकाळचे पावणेनऊ. ठाणे स्टेशनबाहेर वागळेला जाणाऱ्या शेअर रिक्षांची रांग वळण घेऊन पार मागे गेलेली. रांगेतली मंडळी बहुतेक तिशीच्या आतबाहेरची. गळ्यात आयकार्डची पट्टी, गर्दीत पुढे घेतलेली लॅपटॉपची सॅक अजून पोटावरच, कानात इअरफोन. कुणी डोंबिवलीहून एका पायावर उभं राहून आलंय, कुणी कल्याणहून, कुणी थेट बदलापूरहून. आणि रिक्षात बसायच्या आधीच ऑफिसच्या ग्रुपवर 'टीम, आजचे टार्गेट्स...' येऊन पडलेलं. म्हणजे ऑफिसला पोचण्याआधीच ऑफिस सुरू!

यातल्या कुणालाही विचारून बघा, 'वर्क-लाइफ बॅलन्स कसा काय चाललाय?' उत्तर ठरलेलं. आधी एक हसू आणि मग, 'तो काय असतो?'

पण हा विनोद फार दिवस पुरत नाही. पंचविशीत तो खपून जातो. तिशी जवळ आली, की आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, लग्न, बाळ, फ्लॅटचा हप्ता आणि टीम लीडची पोस्ट असं सगळं एकदम दारात येऊन उभं राहतं. तेव्हा काहीतरी एक निवडावं लागतं. प्रश्न एवढाच, की ते आपण निवडतो, की आपोआप निवडलं जातं?

कंपन्यांचं गाव

ठाण्यात नवीन आलेल्या माणसाला इथल्या नाक्यांची नावं ऐकून गंमत वाटते. नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज, कॅसल मिल. जणू शहराचा नकाशा नसून हजेरीपटच! यातले काही कारखाने कधीच गेले, पण रिक्षावाला अजून त्याच नावाने हाक मारतो. या सगळ्यात वागळे इस्टेटचा मान मोठा. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीची स्थापना झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली ती इथे. म्हणून तर इथले रस्ते आजही नावाने नाही, नंबराने ओळखले जातात. रोड नंबर १६, रोड नंबर २२, रोड नंबर २८...

माझे बाबा यातल्याच एका इंजिनीअरिंग कंपनीत टर्नर होते. आम्ही तेव्हा किसननगरला राहायचो. पहिली पाळी सकाळी सात ते दुपारी तीन. तीनचा भोंगा झाला, की आई चहाचं आधण ठेवायची आणि साडेतीनला बाबा दारात. त्यानंतर कंपनी घरात यायची ती फक्त त्यांच्या हाताला येणाऱ्या ऑइलच्या वासातून. ते जुने दिवस लय भारी होते असं मुळीच नाही. बाबांच्या दोन बोटांवर मशीनच्या खुणा आहेत, ओव्हरटाइम मिळावा म्हणून ते सुपरवायझरच्या मागे लागायचे आणि २००४ मध्ये कंपनी बंद झाली तेव्हा हिशेबाचे पैसे हातात ठेवून सगळ्यांना घरी पाठवलं गेलं. त्याच पैशांत डोंबिवलीचं घर झालं.

पण एक गोष्ट त्या भोंग्याने नक्की केली होती. दिवस संपला हे सगळ्यांना एकाच वेळी कळायचं. साहेबाला, कामगाराला आणि घरी वाट बघणाऱ्या बायकोपोरांनाही. मशीन खांद्यावर टाकून घरी आणता येत नव्हतं ना!

पुढे हवा बदलली. राज्य सरकारच्या २००३ च्या आयटी धोरणाने आयटी पार्कांना जादा एफएसआय दिला. जुन्या शेडच्या जागी काचेच्या इमारती आल्या. बीपीओ, बॅक ऑफिस, सॉफ्टवेअर, ऑडिट... मास कॉमची डिग्री घेऊन मी पहिली नोकरी धरली तीसुद्धा वागळेतच, कंटेंट रायटरची. बाबा एका शिफ्टमध्ये निघायचे, मी मात्र ऑफिसमधून निघून डोंबिवली येईपर्यंत ट्रेनमध्ये मेल्सना उत्तरं देत असायचे. 'अगं, तुमच्या कंपनीला भोंगा नाही का?' बाबांनी एकदा विचारलं होतं. ते गमतीत म्हणाले होते. मला मात्र तो प्रश्न पुरून उरलाय.

जरा तासांचा हिशेब मांडू

डोंबिवलीतल्या घरापासून वागळेतल्या खुर्चीपर्यंत सव्वा तास धरा. चालणं, जिना, लोकल, सॅटिसचा पूल, रिक्षाची रांग सगळं आलं. येऊन-जाऊन अडीच तास. आठवड्याचे पाच दिवस धरले तर साडेबारा तास. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ६०० तास. म्हणजे चोवीस तासांचे तब्बल २५ दिवस! वर्षातला जवळजवळ एक महिना आपण दिवा-मुंब्र्याच्या मध्ये उभे असतो. आणि हा प्रवास नुसता कंटाळवाणा नाही. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि जीव गेले. त्यात कामावर निघालेले लोक होते, आपल्यासारखेच.

आता यावर मोठ्या माणसांचे सल्ले ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर पोचले, तेही रविवार धरून. ठीक आहे, करून बघू. आठवड्याचे एकूण तास १६८. त्यातून काम ९० आणि सातही दिवसांचा डोंबिवली-वागळे प्रवास साडेसतरा वजा केला, की उरतात साडेसाठ. दिवसाला जेमतेम साडेआठ तास. यात झोप, आंघोळ, जेवण, दूधवाला, आईचं औषध आणि प्रेम, सगळं बसवा!

तब्येतीचा हिशेब तर आणखी कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्यात आढळलं. तेव्हा 'अजून थोडं खेचू' म्हणताना आपण नेमकं काय खेचतोय, हे माहीत असलेलं बरं.

तीन घरं, तीन उत्तरं

हा विषय डोक्यात घेऊन मी गेले काही आठवडे ओळखीच्यांशी गप्पा मारत होते. नावं त्यांच्याच विनंतीवरून देत नाही. कारण उघड आहे, अप्रेझल जवळ आलंय!

पहिला, कल्याणचा मित्र. वय ३१. टीम लीडची ऑफर आली, पण अमेरिकन शिफ्टमध्ये. त्याच महिन्यात वडिलांना पक्षाघात झाला. घरात आई आणि हा, दोघंच. त्याने ऑफर नाकारली आणि दिवसाची शिफ्ट धरून ठेवली. आज वडील काठी घेऊन गच्चीपर्यंत जातात. पण त्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा त्याचा मॅनेजर आहे आणि दर अप्रेझलला ते टोचतं, हे तो लपवत नाही. निर्णय बरोबर असला तरी त्याची किंमत असतेच, आणि ती हप्त्याहप्त्याने भरावी लागते. फ्लॅटसारखीच.

दुसरी, डोंबिवलीचीच मैत्रीण. ऑडिटमध्ये आहे. बाळ दहा महिन्यांचं असताना तिला प्रमोशन आलं. सासर-माहेर दोन्हीकडून एकच सूर, 'आता एवढं काय करायचंय?' तिने प्रमोशन घेतलं. कारण तिच्या लेखी काम ही घरापासून चोरलेली वेळ नव्हतीच. चाळीत राहून, शेजारच्या काकूंकडे अभ्यास करून ती इथवर आली होती. ती मेहनत हीच तिची व्हॅल्यू. मग नवरा-बायको दोघं कागद घेऊन बसले. सकाळचा पाळणाघराचा फेरा त्याचा, संध्याकाळचा तिचा. त्याने ऑफिसात आपली वेळ अर्धा तास मागेपुढे करून घेतली. 'आई असून एवढी अँबिशन?' असं विचारणाऱ्यांना ती विचारते, 'बाबा असून एवढी अँबिशन, असं त्याला का नाही विचारत?' सॉलिड!

तिसरा, बदलापूरहून येणारा. २९ वर्षांचा. जास्तीचं काम स्वतःहून मागून घेतो, शनिवारीही येतो. धाकट्या बहिणीचं शिक्षण आणि घराचं कर्ज दोन्ही त्याच्यावर आहे. बाहेरून बघणारा म्हणेल, याच्या आयुष्यात बॅलन्स नाही. पण त्याने एक गोष्ट केली आहे. बहिणीचं शेवटचं वर्ष संपेल तो महिना त्याने कॅलेंडरवर मांडून ठेवलाय. त्यानंतर शनिवार बंद. हे त्याने बहिणीला सांगितलंय आणि साहेबालाही.

तिघांची उत्तरं एकमेकांपासून पार वेगळी. एकाने घर निवडलं, एकीने करिअर, एकाने पैसा. तरी तिघंही मला बाकीच्यांपेक्षा शांत वाटले. कारण तिघांनाही नेमकं माहीत आहे, की आपण काय सोडलं आणि कशासाठी. बॅलन्स म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे तराजू येतो. दोन्ही पारडी सारखी, काटा मध्ये. असा दिवस कुणाच्याच आयुष्यात उजाडत नाही. कुठलं तरी पारडं खाली जाणारच. कुठलं आणि किती दिवस, एवढं आपल्या हातात असतं.

'च'चा घोळ

या प्रश्नावर ठाण्याकडे स्वतःचं असं एक जुनं उत्तर आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी तिथून 'वेध' ही करिअरविषयक परिषद सुरू झाली. दहावी-बारावीत असताना ठाण्या-डोंबिवलीतल्या किती मुलांनी तिथल्या खुर्च्यांवर बसून वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या माणसांना ऐकलं असेल! या 'वेध'च्या इंग्रजी नावात शिक्षण आणि दिशा यांच्याबरोबर 'हार्मनी' हा शब्द आहे. सुसंवाद! म्हणजे 'काय बनायचं' याच्याच जोडीने 'कसं जगायचं' हा प्रश्न तिथे पहिल्यापासून होता.

नाडकर्णी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा पुरस्कार करतात, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा फंडा आपल्या भाषेत सांगायचा तर सगळा घोळ एका 'च'चा आहे. 'मला या वर्षी प्रमोशन मिळालं तर आवडेल' ही झाली इच्छा. 'मला या वर्षी प्रमोशन मिळालंच पाहिजे' ही झाली मागणी. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटतं, माणूस पुन्हा कामाला लागतो. मागणी पुरी झाली नाही तर मात्र सगळं जग अन्यायी वाटायला लागतं, नाहीतर आपण बिनकामाचे वाटायला लागतो.

गंमत म्हणजे हा 'च' दोन्ही बाजूंना असतो. 'मी टॉपलाच असलं पाहिजे' हा जसा एक 'च', तसाच 'मी आदर्श मुलगी, आदर्श सून, आदर्श आई असलंच पाहिजे' हा दुसरा. अशा चार 'च'ची ओझी घेऊन सव्वानऊची लोकल पकडायची म्हणजे दमछाक होणारच. 'च' काढला म्हणून महत्त्वाकांक्षा कमी होत नाही. ती आपल्या मानगुटीवरून उतरून आपल्या बाजूला बसते, इतकंच.

साहेब, कायदा काय म्हणतो?

सगळं मनावर ढकलूनही चालणार नाही. ऑफिसातल्या बऱ्याच गोष्टी मेहेरबानीच्या नसून हक्काच्या असतात आणि नेमक्या त्याच आपल्याला माहीत नसतात.

महाराष्ट्रात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या ऑफिसांना राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, जास्तीच्या कामाला दुप्पट दराने पैसे, वर्षाला आठ किरकोळ रजा, आणि रात्री साडेनऊनंतर महिलेला काम द्यायचं तर तिची संमती आणि सुरक्षित प्रवासाची सोय, या त्यातल्या तरतुदी. दिवसाच्या कामाची मर्यादा मूळ कायद्यात नऊ तासांची होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी ती दहा तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा मात्र ४८ चीच ठेवली.

आता यातली मेख बघा. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला या तरतुदी लागू नाहीत. म्हणजे कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' आलं, की आपण पेढे वाटतो आणि ओव्हरटाइमचा हक्क गुपचूप निघून जाऊ शकतो. अशा पदांची यादी कंपनीने वेबसाइटवर किंवा ऑफिसात दर्शनी जागी लावावी, असंही कायदा सांगतो. तुमच्या ऑफिसात पाहिलीय कधी?

बाळंतपणासाठी २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. या तरतुदी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. बाबा झालेल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बाबाला मात्र अशी रजा कायद्याने नाही. ती कंपनीच्या मर्जीवर!

आणि फोन? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर ऑफिसपासून 'डिस्कनेक्ट' राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी असं खासगी विधेयक २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. पण १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही. तेव्हा त्याची वाट बघत रात्री अकराचे कॉल घेत बसण्यात अर्थ नाही.

असा लावा तुमचा भोंगा

- तीन गोष्टी कागदावर लिहा, ज्या काहीही झालं तरी सोडणार नाही. फक्त तीन. मुलीला झोपवणं, वडिलांचा फिजिओ, गुरुवारचा तबल्याचा क्लास, काहीही चालेल. सात झाल्या तर त्या इच्छा आहेत.

- त्या तीन गोष्टी साहेबाला आधी सांगा, ऐनवेळी नको. 'मंगळवारी साडेसहाला मी निघणार, फाइल सहाला देते' हे ऐकायला कुठल्याही बऱ्या साहेबाला आवडतं. साडेसहाला गुपचूप सटकणं कुणालाच आवडत नाही.

- जास्तीचं काम घेताना शेवटची तारीख विचारा. तारीख नसलेलं 'थोडे दिवस' कधी संपत नसतं.

- नवीन नोकरी घेताना पगाराच्या आकड्यातून प्रवासाचे तास वजा करून बघा. कधीकधी चार हजार कमी देणारं डोंबिवलीतलंच ऑफिस महाग पडत नाही.

- घरात वाटणी कागदावर करा. 'तो मदत करतो' हे वाक्य ज्या घरात आहे, तिथे काम अजून तिचंच आहे.

- ट्रेनमध्ये मेल बघायचे, की गाणी ऐकायची, की नुसतं झोपायचं, हेही ठरवा. रोजचे अडीच तास आहेत, कुणाच्या बापाचे नाहीत.

मी आता फ्रीलान्सिंग करते. इथे तर भोंगाच काय, गेटसुद्धा नाही! संपादकांचा फोन रात्री दहालाही येतो आणि पुढचा चेक कधी येईल हे सांगता येत नाही. म्हणून संध्याकाळी सात ही वेळ मी लावून घेतली आहे. सातनंतर लॅपटॉप बंद. यात दोन असाइनमेंट हातच्या गेल्या, त्यातल्या एकीचे पैसे चांगले होते. चुटपुट लागली, नाही असं नाही. पण त्या वेळेत बाबांबरोबर गावदेवी मंदिराच्या बाजूने एक फेरी होते. त्यांच्या गुडघ्यांना अजून किती वर्षं ती झेपेल, हे कुठल्याही असाइनमेंटपेक्षा मला जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या यादीत कदाचित दुसरंच काही असेल. टीम लीडची खुर्चीसुद्धा असेल. बेशक असू दे!

करिअर मन लावून करा, खुर्चीसाठी भांडा, पगार वाढवून घ्या. फक्त पुढच्या अप्रेझल फॉर्ममध्ये 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' हा रकाना भरताना क्षणभर थांबा. एक उत्तर फॉर्मवर लिहा आणि दुसरं घरच्या कॅलेंडरवर. दोन्ही उत्तरं एकाच माणसाची वाटली, की समजा तुमचा भोंगा वेळेवर वाजतोय.